शिडाची जहाजे : ओळखावी कशी, पाहावी कुठे, खेळावी कशी

शिडाचे जहाज ओळखायचे असेल तर आधी डोलकाठ्या मोजाव्यात आणि मग प्रत्येक डोलकाठीवर शीड कसे चढवले आहे ते पाहावे. एवढ्या दोन गोष्टींवरून जहाजाची जात कळते. जात कळली की ते कोणत्या वाऱ्यात धावेल, कोणत्या वाऱ्यात अडेल आणि त्याला किती हात लागतील याचा अंदाज बांधता येतो. संग्रहालयातले जहाज पाहताना, शिडाच्या बोटीवरची सहल ठरवताना किंवा संगणकावर चाच्यांचा खेळ खेळताना हाच अंदाज कामी येतो.

डोलकाठ्या मोजाव्यात, शिडे पाहावीत

शिडांचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार आडव्या शिडांचा. डोलकाठीवर आडव्या टांगलेल्या काठीला परभाण म्हणतात. त्या परभाणाखाली चौकोनी शीड सोडलेले असते आणि ते जहाजाच्या रुंदीच्या दिशेने पसरते. मागून आलेला वारा त्यात पोटभर भरतो. एका डोलकाठीवर अशी चार-पाच शिडे एकावर एक चढवता येतात. दुसरा प्रकार उभ्या शिडांचा. हे शीड जहाजाच्या लांबीच्या रेषेत राहते. आजच्या यॉटचे त्रिकोणी शीड याच प्रकारातले. कोकणातल्या मचव्यावर, पुढे झुकलेल्या डोलकाठीवर तिरप्या परभाणाने चढवलेले शीडही याच जातीचे.

या दोन प्रकारांच्या मिश्रणातून जहाजांची नावे ठरली आहेत.

- फुल-रिग्ड शिप : तीन किंवा अधिक डोलकाठ्या, सगळ्यांवर आडवी शिडे.
- बार्क : तीन किंवा अधिक डोलकाठ्या, शेवटच्या डोलकाठीवर उभी शिडे, बाकीच्यांवर आडवी.
- बार्केंटाइन : तीन किंवा अधिक डोलकाठ्या, फक्त पहिलीवर आडवी शिडे.
- ब्रिग : दोन डोलकाठ्या, दोन्हींवर आडवी शिडे.
- ब्रिगँटाइन : दोन डोलकाठ्या, पुढचीवर आडवी शिडे, मागचीवर मुख्य शीड उभे.
- स्कूनर : दोन किंवा अधिक डोलकाठ्या, मुख्य शिडे उभी.
- स्लूप : एकच डोलकाठी, उभी शिडे.

ही यादी पाठ करण्यापेक्षा एखादे जहाज डोळ्यांसमोर ठेवणे सोपे. भारतीय नौदलाचे प्रशिक्षण जहाज 'आयएनएस तरंगिणी' गोवा शिपयार्डमध्ये बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. त्याला तीन डोलकाठ्या आहेत. पुढच्या दोन्हींवर चौकोनी शिडांची उतरंड दिसते, तर तिसरीवर उभे शीड. म्हणजे ते बार्क. २०१२ साली दाखल झालेले 'आयएनएस सुदर्शिनी' हेही गोव्यातच बांधलेले आणि त्याच जातीचे. छायाचित्रात शिडे गुंडाळलेली असली तरी परभाणे दिसतातच. ज्या डोलकाठीवर आडव्या काठ्यांची शिडी दिसेल ती आडव्या शिडांची.

वाऱ्याचे गणित

मागून वारा असेल तर काहीही पुढे जाते. पाण्यात पडलेला ओंडकाही. वारा समोरून असताना काय होते, यात शिडाच्या जहाजाची खरी परीक्षा आहे. कोणतेही शिडाचे जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही; शिडे फडफडतात आणि जहाज थांबते. मात्र वाऱ्याशी थोडा कोन करून ते पुढे सरकू शकते. उभे शीड वाऱ्यात तिरपे धरले की ते विमानाच्या पंखासारखे काम करते आणि बोटीला पुढे व बाजूला असे दोन्हीकडे ओढते. बाजूची ओढ पाण्याखालचा कणा अडवतो. कोकणातले सुतार या कण्याला पठाण म्हणतात. बाजूची वाट बंद झाल्यामुळे बोट पुढे सरकते. वाऱ्याने ती एका अंगावर कलते आणि तळात भरलेले नीरम, म्हणजे जहाज उलटू नये म्हणून घातलेले वजन, तिला पुन्हा सरळ करते.

समोरच्या बंदरात जायचे असेल तर मग नागमोडी वाट धरावी लागते. काही वेळ वारा डाव्या अंगावर घ्यायचा, काही वेळ उजव्या. या नागमोडी वाटेची किंमत मोजता येते. चांगली यॉट वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखू शकते. वाऱ्याच्या तोंडाकडे १० सागरी मैल सरकायला तिला सुमारे १४ मैल कापावे लागतात. आडव्या शिडांच्या जुन्या जहाजाला साधारण ६७ अंशांपेक्षा जवळ जाणे कठीण. तेवढ्याच १० मैलांसाठी त्याला २६ मैलांच्या आसपास चालावे लागते आणि त्या वेळात बाजूला वाहून जाणे वेगळेच. जुने कप्तान प्रतिकूल वाऱ्यात नांगर टाकून दिवसेंदिवस वाट पाहत, त्यामागे हेच गणित होते.

मग आडवी शिडे ठेवायचीच कशाला? लांबच्या सफरीत वारा बहुतेक वेळ पाठीशी राहील असा मार्ग निवडता येतो आणि तिथे आडव्या शिडांची बरोबरी करणे अवघड. शिवाय कापड लहान लहान तुकड्यांत विभागलेले असल्याने वारा वाढला की वरची शिडे गुंडाळून खालची ठेवता येतात. उलट किनाऱ्यालगत वारा सतत फिरतो, वाट अरुंद असते आणि माणसे कमी असतात. तिथे उभे शीड बरे.

वेग आणि वारा दोन्ही नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी १.८५२ किलोमीटर. वाऱ्याचा जोर सांगायला ब्यूफोर्ट श्रेणी वापरतात. ती ० ते १२ अशी आहे. श्रेणी ४ म्हणजे ११ ते १६ नॉट; लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसतो. नवशिक्याला श्रेणी ३ किंवा ४ पुरेशी. श्रेणी ६, म्हणजे २२ नॉटच्या पुढचा वारा असेल तर लहान बोट किनाऱ्याला लागलेली बरी.

इतिहास वाचताना

शिडांच्या काळातील सफर किंवा लढाई वाचताना महिना कोणता होता, वारा कुठून होता आणि पाणी किती खोल होते, हे तीन प्रश्न विचारावेत. बऱ्याच कोड्यांची उकल तिथेच होते.

वास्को द गामाच्या पहिल्या सफरीचे उदाहरण घ्यावे. २४ एप्रिल १४९८ रोजी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून निघाला आणि २० मे रोजी कालिकतजवळ पोहोचला. नैर्ऋत्येचे वारे नुकते सुरू होत होते आणि ते पाठीशी होते. परतताना गोव्याच्या दक्षिणेला असलेल्या अंजदीव बेटावरून तो ऑक्टोबरच्या आरंभी निघाला. वारा अजून बदलून स्थिरावला नव्हता. तोच समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला आणि वाटेत स्कर्व्हीने कित्येक खलाशी मेले. जहाजे तीच होती, समुद्र तोच होता. फरक महिन्याचा होता. अरबी समुद्रातले व्यापारी हे वेळापत्रक शतकानुशतके सांभाळत आले होते : नैर्ऋत्येच्या वाऱ्याने भारताकडे, ईशान्येच्या वाऱ्याने अरबस्तान आणि आफ्रिकेकडे.

मराठ्यांचे आरमार समजून घेतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतात. त्यात दोन जाती मुख्य होत्या : गुराब आणि गलबत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांब पुढे आलेली असे आणि त्या नाळेतून समोर मारा करणाऱ्या तोफा बसवलेल्या असत. गलबत लहान, त्यावर शीड होतेच, शिवाय ४० ते ५० वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी अडकून राही. अशा वेळी गलबते गुराबांना दोर लावून ओढत आणि शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभे करत. जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना असतात, पिछाडीला मोजक्याच. वाऱ्याविना वळता न येणाऱ्या जहाजाला आपल्या बाजूच्या तोफा त्यांच्यावर रोखताच येत नसत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी मोठी जहाजे बांधू नयेत, असा सल्ला त्यात दिला आहे. दुबळ्या आरमाराने केलेली तडजोड म्हणून हा सल्ला वाचला तर त्यातले मर्म सुटते. कोकणचा किनारा खाड्यांचा, उथळ पाण्याचा आणि खडकांचा. तिथे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि या दोहोंच्या मध्ये काही वेळ वारा पडतो. त्या पडलेल्या वाऱ्यात ज्याच्याजवळ वल्ही, तो राजा.

१६७९ सालचा खांदेरीचा संघर्ष याचा चांगला नमुना आहे. मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबवण्यासाठी जहाजे धाडली. मोठी जहाजे बेटाभोवती पहारा देत राहिली, पण कमी खोलीच्या मराठी होड्या रात्री किनाऱ्यावरून रसद घेऊन निसटत राहिल्या. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याच्या ताफ्याशी झालेल्या लढाईत इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

शिडांचा व्यापारी काळ संपण्याची खूणही वाऱ्यातच सापडते. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला आणि पाचच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे 'कटी सार्क' हे चहाची वाहतूक करणारे वेगवान जहाज पाण्यात उतरले. कालवा अरुंद आणि तांबड्या समुद्रातले वारे अडचणीचे. तो मार्ग शिडांच्या जहाजांसाठी नव्हताच. आगबोटींना मात्र आफ्रिकेचा वळसा वाचला. चहाचा धंदा हळूहळू त्यांच्याकडे गेला आणि कटी सार्क ऑस्ट्रेलियातून लोकर आणू लागले. त्या वाटेवर दक्षिण गोलार्धातले जोरदार पश्चिमी वारे होते आणि तिथे या जहाजाने नाव कमावले.

जुनी जहाजे पाहताना

जुने जहाज पाहायला जाताना सोबत एकच प्रश्न नेला तरी पुरतो : हे जहाज तरंगत, उभे आणि चालते राहावे म्हणून काय केले आहे? त्याचे उत्तर शोधत तळापासून वर जावे. तळात नीरम कुठे ठेवत, तोफा किती खाली होत्या, दोर कुठून कुठे जातात, सुकाणू किती माणसे धरत, हे पाहिले की काचेच्या कपाटातल्या वस्तूंनाही अर्थ येतो.

स्टॉकहोममधील 'वासा' हे या दृष्टीने सर्वांत बोलके. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्याच सफरीला निघाले आणि दीड किलोमीटरही न जाता बुडाले. वाऱ्याचा झोत आला, जहाज कलले, खालच्या ओळीतील तोफांची उघडी दारे पाण्याला टेकली आणि पाणी आत शिरले. वरचा भार जास्त आणि तळाचे नीरम अपुरे होते. निघण्यापूर्वी ३० माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत धावायला लावून चाचणी घेतली होती. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डोलू लागले की चाचणी थांबवावी लागली, तरीही जहाज पाठवले गेले. १९६१ साली ते वर काढले. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनंतरही ते जवळपास पूर्ण मिळाले. संग्रहालयात गेल्यावर आधी त्या तोफांच्या दारांची खालची ओळ पाहावी. पाण्याची रेषा तिथून किती जवळ असेल याचा अंदाज डोळ्यांनीच येतो.

कोकणच्या उबदार खाऱ्या पाण्यात हा किडा भरपूर. साग, तेलाचे लेप आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारण्याची रीत यांना म्हणूनच महत्त्व. सागाचा टिकाऊपणा इंग्लंडमधील हार्टलपूल येथे दिसतो. तिथले 'एचएमएस ट्रिंकोमली' हे लढाऊ जहाज मुंबईत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागाच्या लाकडात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. ते आजही तरंगते आहे. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पोर्ट्समथचे 'व्हिक्टरी', ग्रीनिचचे 'कटी सार्क' आणि बोस्टनचे १७९७ सालचे 'कॉन्स्टिट्यूशन' ही जहाजेही गाठण्यासारखी आहेत. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या बसवल्या की कमी जाडीत ताकद कशी येते, हे कटी सार्कच्या तळाखाली उभे राहून पाहता येते.

महाराष्ट्रात जुने जहाज नसले तरी जहाजांच्या खुणा आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीच्या काठी खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आहे. ओहोटीच्या वेळी गेल्यास तिची रचना नीट दिसते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून निघावे. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात उंच शिडांचे तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. त्या चित्रावरून प्रेरणा घेऊन गोव्यातील दिवाड येथे काथ्याने फळ्या शिवून एक जहाज बांधले गेले. खिळ्यांऐवजी दोराने सांधलेले हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले.

आजचा प्रवास

शिडाने प्रवास करायचा असेल तर आधी स्वतःला किती काम करायचे आहे ते ठरवावे. खर्च, दिवस आणि तयारी त्यावर अवलंबून असतात.

पहिला पर्याय दोन-तीन तासांच्या सहलीचा. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात आणि गोव्यात अशा यॉट भाड्याने मिळतात. कोकणात हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लहान बोटी बंद असतात. दुपारनंतर खारा वारा भरतो, म्हणून शिडाची मजा हवी असेल तर सकाळच्या फेरीपेक्षा दुपारची फेरी घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : बोट खरोखर शिडावर चालणार की इंजिनावर, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, आणि हवा बिघडल्यास पैसे परत मिळतात का.

दुसरा पर्याय शिडांच्या प्रवासी जहाजाचा. 'रॉयल क्लिपर' हे २००० साली सेवेत आलेले पाच डोलकाठ्यांचे जहाज आहे आणि त्यावर ४२ शिडे आहेत. अशा जहाजांवर सुखसोयी भरपूर, काम काहीच नाही. मात्र वेळापत्रक पाळण्यासाठी इंजिनही वापरले जाते. वयस्कर माणसांना घेऊन जायचे असेल तर हा मार्ग सोयीचा.

तिसरा पर्याय खलाशी होऊन जाण्याचा. १९११ साली बांधलेले 'युरोपा' हे डच बार्क पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांना कामाला लावते. ते अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून अंटार्क्टिकाकडेही जाते. चार तास पाळी आणि आठ तास विश्रांती असा क्रम असतो. पाळीत सुकाणू धरणे, पुढे नजर ठेवणे आणि दोर ओढणे ही कामे वाट्याला येतात. डोलकाठीवर चढणे सक्तीचे नसते. मध्यरात्री उठून थंडीत उभे राहण्याची तयारी असेल त्यानेच हा मार्ग धरावा.

चौथा पर्याय स्वतः शिकण्याचा. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा नवख्या खलाशांसाठीचा 'कॉम्पिटंट क्रू' अभ्यासक्रम साधारण पाच दिवसांचा असतो आणि तो अनेक देशांत चालतो. भारतात यॉट क्लब आणि शिडाच्या बोटींच्या शाळा लहान बोटींवर शिकवतात. लहान बोटीवरच शिकावे. तिथे चूक लगेच कळते. बोट कशी वळवायची याचा धडा पहिल्या दिवशीच येतो. सुकाणू धरणारा आधी सगळ्यांना सावध करतो आणि मग नाळ वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे फिरवतो. क्षणभर शीड जोरात फडफडते. मग शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, या अंगावरून त्या अंगावर झेप घेते. सगळे खाली वाकून पलीकडच्या बाजूला सरकतात, एकाने दोर सोडलेला असतो, दुसरा त्याच वेळी आपला दोर ओढून घट्ट करतो. फडफड थांबते, बोट दुसऱ्या अंगावर कलते आणि पाण्याचा आवाज पुन्हा सुरू होतो. वेग कमी असताना वळवू पाहिले तर बोट वाऱ्याच्या तोंडावरच अडकते, म्हणून वळण्यापूर्वी वेग घ्यावा.

कोणताही पर्याय निवडला तरी काही काळज्या सारख्याच. बूमच्या उंचीला डोके येऊ देऊ नये. ताणलेला दोर हाताभोवती गुंडाळू नये. पायांत न घसरणाऱ्या तळव्याचे बूट असावेत. ओढणी, सैल पदर आणि लोंबणारे दागिने नकोत. चालताना एक हात सतत कठड्याला असावा. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, बोटीच्या मध्यावर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलकडे पाहत बसल्यास त्रास वाढतो.

लांबच्या सफरींचे वाचन करू इच्छिणाऱ्यांसाठी गोव्याशी जोडलेली एक परंपरा आहे. दिवाड येथे बांधलेल्या 'म्हादेई' या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून जगाला वळसा घातला.

खेळ निवडताना

शिडांच्या जहाजांचे खेळ पुष्कळ आहेत, पण प्रत्येकात वाऱ्याला किती किंमत आहे ते वेगवेगळे. हीच कसोटी लावून खेळ निवडावा.

केवळ थरार हवा असेल तर २०१३ सालचा 'असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग' चांगला. त्यात अठराव्या शतकातील कॅरिबियन समुद्र आहे, 'जॅकडॉ' हे ब्रिग जातीचे जहाज आहे आणि खलाशांची गाणी आहेत. मात्र जहाज मनाला येईल त्या दिशेला धावते. या खेळातून वाऱ्याची समज येत नाही. बंदरे, पोशाख आणि डेकवरची गडबड यांसाठी तो खेळावा.

मध्यम मार्ग हवा असेल तर 'सिड मायर्स पायरेट्स!' घ्यावा. मूळ खेळ १९८७ चा, नवी आवृत्ती २००४ ची. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेकडे झटपट जाता येते आणि परत पूर्वेकडे येताना दमछाक होते. नवशिक्याने सुरुवातीला जड गॅलियन टाळून लहान, उभ्या शिडांचे जहाज घ्यावे. ते वाऱ्याच्या जवळ जाऊ शकते आणि लढाईत शत्रूला न सापडणारी जागा धरू शकते. गुराब-गलबतांची युक्ती इथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटते.

मित्रांसोबत खेळायला २०१८ सालचा 'सी ऑफ थीव्ह्ज' बरा. त्यात जहाज चालवण्याची कामे वाटून घ्यावी लागतात : एकाने सुकाणू, एकाने शिडांचा कोन, एकाने नांगर आणि गळती लागली की बादलीने पाणी उपसणे. आकाशातल्या पांढऱ्या रेषा वाऱ्याची दिशा दाखवतात. एका डोलकाठीचे स्लूप वाऱ्याविरुद्ध सरस, तीन डोलकाठ्यांचे गॅलियन पाठीशी वारा असताना सरस. पाठलाग चुकवायचा असेल तर स्लूप घेऊन वाऱ्याच्या तोंडाकडे वळावे आणि गॅलियनवाल्यांनी वाऱ्यासोबत पळावे.

खरी दर्यावर्दी विचारपद्धत शिकायची असेल तर 'व्हर्च्युअल रेगाटा' हा ऑनलाइन खेळ पाहावा. त्यात प्रत्यक्ष हवामानाचे अंदाज वापरतात. वाऱ्याचा किती जोर आणि किती कोन असताना बोट किती वेगाने जाईल याचा तक्ता समोर असतो आणि सरळ वाट सोडून वाऱ्याच्या शोधात वळसा घ्यायचा का, हे ठरवावे लागते. २०२०-२१ च्या 'व्हांदे ग्लोब' या एकल पृथ्वीप्रदक्षिणा शर्यतीच्या वेळी दहा लाखांहून अधिक लोक हा खेळ खेळत होते. दिवसातून दोन-तीनदा डोकावले तरी पुरते, म्हणून नोकरी करणाऱ्यांनाही तो झेपतो.

पडद्यापासून दूर राहायचे असेल तर १९७० च्या दशकातील 'वुडन शिप्स अँड आयर्न मेन' हा पटावरचा खेळ आहे. दोन्ही खेळाडू आपापली चाल आधी कागदावर लिहितात आणि मग ती एकदम खेळली जाते. समोरचा कुठे वळेल याचा आधीच अंदाज घ्यावा लागतो.

घरच्या घरी एक पट

मुलांना वाऱ्याचे गणित समजावण्यासाठी चौकटींचा कागद, एक फासा आणि दोन सोंगट्या पुरतात. कागदाच्या दोन टोकांना दोन बंदरे काढावीत. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवावी. चाल आठ दिशांपैकी कोणत्याही दिशेला करता येते, पण वाऱ्याच्या नियमाने.

- उभ्या शिडाची सोंगटी : थेट वाऱ्याच्या तोंडावर चाल नाही, तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या तिरप्या दिशांना २ घरे, वारा बाजूने असताना ३ घरे, मागच्या तिरप्या दिशांना ३ घरे, थेट मागून असताना २ घरे.
- आडव्या शिडांची सोंगटी : वाऱ्याच्या तोंडाकडच्या तिन्ही दिशांना चाल नाही, वारा बाजूने असताना २ घरे, मागच्या तिरप्या दिशांना ४ घरे, थेट मागून असताना ३ घरे.

दर चार चालींनंतर फासा टाकावा. १ पडल्यास वारा एक दिशा डावीकडे फिरतो, ६ पडल्यास एक दिशा उजवीकडे. एरवी तसाच राहतो. जो आधी पलीकडच्या बंदरात जाऊन परत येईल तो जिंकला. पाच-सात डावांत मुलांच्या लक्षात येते की आडव्या शिडांची सोंगटी एका दिशेने झरझर जाते आणि परतीला वारा फिरेपर्यंत अडून राहते. मग पटाच्या एका कडेला खाडी काढून तिथे वारा बंद ठेवावा आणि उभ्या शिडाच्या सोंगटीला वल्ह्याने एक घर चालण्याची मुभा द्यावी. खांदेरीचा डाव त्यावर मांडता येतो.